नोरीन हॅलोरन, असाल तिथून या

“किती जण?” नारिंगी जाकिटातल्या बाईने विचारलं आणि क्लेम हॅलोरन म्हणाला, “दोन.”

त्रेचाळीस वर्षं सिनेमाला, बोटीला, हॉटेलात तो हेच सांगत आला होता. नोरीन फेब्रुवारीत गेली हे त्याला ठाऊक होतं; जिभेला अजून कुणी कळवलं नव्हतं.

मुळात त्याला ही रांग नकोच होती. नवा चष्मा घेऊन तो खाडीपलीकडे मॅनलीला घरी निघाला होता. बोटीच्या धक्क्यापाशी पोचला, तर दिव्यांच्या उत्सवासाठी सिडनीने सगळे रस्ते एकेरी करून ठेवलेले, चालणाऱ्यांनासुद्धा. समोर एक लांबलचक रांग दिसली. बोटीचीच असणार, असं धरून तो मागे उभा राहिला. रांग दिसली की उभं राहायचं आणि कशाची ते विचारायचं नाही, कारण तो आगाऊपणा होतो, असे त्या शहराचे संस्कार. जूनच्या थंडीत पाऊण तास सरकल्यावर बोटीऐवजी पत्र्याचा भलामोठा देवमासा आला. त्याच्याखाली दोन खांब. दोघांनी एकेका खांबावर एक हात ठेवायचा, दुसरा एकमेकांना द्यायचा, की मासा उजळतो. दोन्ही बाजूंना कठडे, आणि बाहेरची वाट माशाखालून.

“मग दुसरं कोण?” त्या बाईने विचारलं. ही लुपे, टोंगा बेटांवरची, ऐसपैस आणि मायाळू. तिथेच खरं सांगून टाकलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. पण मागे दोनशे माणसं जोडीजोडीने उभी होती आणि त्या सगळ्यांच्या देखत क्लेमला एकटं व्हायचं नव्हतं.

“बायको. कॉफी आणायला गेलीय,” तो म्हणाला.

मागचा एक दाढीवाला आपला हात द्यायला तयार झाला. क्लेमने नको म्हटलं. बायकोला वाईट वाटेल म्हणे. लुपेला हे फारच आवडलं. तिने त्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, बाकीच्यांना पुढे सोडलं आणि त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवला. दहा मिनिटांनी मात्र तिला काळजी लागली. एवढ्या गर्दीत वयस्कर बाई एकटी. नाव काय, कोट कसला? थाप मारायला क्लेमने तोंड उघडलं आणि बाहेर सगळं खरंच पडलं. नोरीन हॅलोरन. हळदी रंगाचा कोट, पिकलेले आखूड केस.

लुपेने वॉकीटॉकी काढला. थोड्याच वेळात सगळ्या किनाऱ्यावरचे कर्णे एकदम बोलू लागले.

“नोरीन हॅलोरन, तुमचे पती देवमाशापाशी वाट बघताहेत. असाल तिथून या.”

 अंत्यविधीला क्लेम रडला नव्हता. पाहुण्यांना सँडविचेस वाढत होता. आता तिचं नाव पाण्यावरून परत येत होतं आणि तो खुर्चीत मान खाली घालून बसला होता. आयुष्यात कुणाला पाच मिनिटं ताटकळत न ठेवलेली बाई, तिची अख्खं शहर वाट बघत होतं.

मग हळदी कोट यायला लागले. पहिल्या कोटातल्या बाईला इंग्रजी येत नव्हतं. दुसऱ्या कोटात पुरुष निघाला. रांगेतली माणसंही माना उंचावून नोरीनला हाका मारू लागली. शेवटी लुपे म्हणाली, आता पोलिसांनाच कळवते. क्लेमला त्या थंडीत घाम फुटला. खरं सांगायची वेळ केव्हाच टळली होती.

तेवढ्यात दोन स्वयंसेवक तिसरा कोट घेऊन आले. आतली बाई सत्तरीची, केस पांढरे, आणि भयंकर तापलेली. ती थेट क्लेमसमोर येऊन उभी राहिली.

“तुला जागचं हलू नको म्हटलं होतं ना?” सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली. मग त्याच्या कानाशी वाकली. “मी इलेनी. अर्ध्या तासात चारदा पकडलंय मला. गाडी गाठायचीय. गुमान हो म्हण, म्हणजे दोघंही सुटू.”

क्लेम गुमान हो म्हणाला. दोघं खांबांपाशी गेली, इलेनीने खसकन त्याचा हात धरला आणि मासा शेपटीपासून उजळत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कर्ण्यांवरून घोषणा झाली की नोरीन हॅलोरन सापडल्या आहेत, सर्वांचे आभार.

“खरी कुठेय?” इलेनीने हळूच विचारलं.

“गेली. फेब्रुवारीत.” हे तो पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होता, आणि म्हणताना त्याचा आवाज फाटला.

 इलेनीची गाडी वरच्या रेल्वेपुलावरून खडखडत निघून गेली. तिने मान वर केली नाही आणि हातही काढून घेतला नाही.

“काका, सोडा आता हात,” लुपे हसत म्हणाली. “मागे लोक खोळंबलेत.”

“थांब गं जरा,” इलेनी तिच्यावर डाफरली. “चार महिन्यांनी भेटतोय आम्ही.”

लुपेला त्यातलं काही कळलं नाही. तरी तिने पुढच्या जोडीला थांबायची खूण केली.