बाई, कितींदा वाजली?

भापकर आमच्या घरी आले की बेल वाजवत आणि दार उघडताच विचारत, "बाई, कितींदा वाजली?"

"एकदा" म्हटलं तर चपला काढून आत येत. "दोनदा" म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच बसकण मारून खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढत. "म्या दाबली येकदाच. आतली पट्टी नाचती. तिला गप करावं लागंल." तोवर चहा गार.

नागापूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होते आणि भापकर तिथले वायरमन. मूळचे पारनेरकडचे, राहायला केडगावात. "दाबलं ते कळलं, सोडलं का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. तो ते बटणाबद्दल विचारत, माझ्या हातातल्या फोनबद्दल आणि साहेबांनी धरलेल्या रागाबद्दलही.

आमच्याकडे डब्यांची झाकणं ठोकणारा प्रेस होता. तो खाली येताना माणसाचे हात बाहेर राहावेत म्हणून त्याला दोन बटणं, दोन्ही हातांनी दाबायची. पोपट नावाच्या कामगाराने डाव्या बटणात काडेपेटीची काडी खुपसली आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवू लागला. झाकणं भराभर पडू लागली. सगळे खूश, भापकर सोडून.

ते माझ्याकडून तीन रिले, म्हणजे विजेवर चालणारे खटके, घेऊन गेले आणि दोन दिवस प्रेसच्या पेटीत डोकं घालून बसले. त्यानंतर दर ठोक्याला दोन्ही बटणं सुटून वर आल्याशिवाय प्रेस पुढचा ठोका देईना. वर एक तांबडा दिवा. एकदा लुकलुकला तर डावं बटण अडकलंय, दोनदा लुकलुकला तर उजवं.

"दिवा चुगल्या करतोय," पोपट कुरकुरला.

"चुगली न्हाई, निरोप हाय. वाचायला शिक."

झाकणं कमी निघू लागली. साहेबांनी फर्मावलं, सोमवारी जुनी जोडणी परत करा, नाहीतर दुसरा वायरमन बघतो. भापकर तेव्हा रजेवर होते, म्हणून रविवारी मीच केडगावला गेले.

त्यांच्या दाराची बेल कमरेच्या उंचीवर होती आणि बटण बशीएवढं. एकदाच वाजली. घरातली बटणंही तशीच, खाली आणि मोठाली. मला त्यांचा आणखी एक चक्रमपणा वाटला. मग त्यांची बायको चहा घेऊन आली. कप डाव्या हातात होता. उजव्याला बोटं नव्हती. खोलीतला दिवा तिने कोपराने लावला.

"कडबा कापायचं मशीन," भापकर म्हणाले. "मोटर म्याच जोडल्याली. बटन वर आलंच न्हाई."

"आल्या-गेल्याला हेच सांगत्यात," ती म्हणाली. "चहा घ्या बाई, गार हुईल."

मी साहेबांचा निरोप सांगितला. भापकर म्हणाले, "म्या न्हाई काढनार. बघू द्या दुसरा."

सोमवारी मी साहेबांना सांगितलं की जुन्या जोडणीचं सामान स्टोअरात नाही, मुंबईहून मागवावं लागेल, दिवस लागतील. साहेब म्हणाले, तोवर राहू दे. सामान माझ्या पाठीमागच्या फळीवरच होतं.

संध्याकाळी भापकर स्टोअरच्या खिडकीशी आले. त्यांनी फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"साहेबाला कितींदा सांगितलं, बाई?"

"एकदाच," मी म्हटलं.