डेल्ब कंपनीचा आलेख

बर्नाडीन कूलमनने कॉम्प्युटर घरी आणला, तेव्हा तिच्या नवऱ्याने, डेल्बर्टने, स्वयंपाकघरातलं टेबल द्यायला साफ नकार दिला. "मग मी जेवायचं कुठे?" एवढाच त्याचा मुद्दा होता आणि तो रास्त होता. शेवटी शिवणयंत्र माळ्यावर गेलं, त्याच्या जागी कॉम्प्युटर बसला, आणि टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ही बाई अमेरिकेतल्या आमच्या डब्यूक गावात शेअरांचे आलेख मशीनवर काढू लागली. तिच्या आधी गावात कोणी हे केलं नव्हतं.

१९८४ सालची गोष्ट. त्या मशीनवरचा आलेख ज्याने पाहिला नाही त्याला सांगून पटायचं नाही. आधी फ्लॉपी घरघरायची. मग काळ्या पडद्यावर डावीकडून एकेक हिरवी उभी रेघ उमटू लागायची, एका दिवसाची एक. रेघेचं वरचं टोक म्हणजे त्या दिवसाचा चढा भाव, खालचं टोक म्हणजे पडता भाव, आणि जिथे बाजार बंद झाला तिथे शेजारी एक छोटा दात. सगळ्यात खाली त्या दिवशीची उलाढाल. एक कळ दाबली की वर्षभराच्या रेघा दाटीवाटीने एका पडद्यात मावायच्या. दुसरी दाबली की मधलाच महिना फुगून समोर यायचा. तिसरी दाबली की त्या खडबडीत रेघांवरून सरासरीची एक गुळगुळीत रेघ वळणं घेत निघायची. बर्नाडीन रोज संध्याकाळी पेपरातले भाव हाताने भरायची. ते अष्टमांशात छापलेले असायचे आणि मशीनला दशांश लागायचे. ती हिशेब मनात करायची, तोही डेल्बर्टशी बोलता बोलता.

डेल्बर्ट खिडक्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, आवाज खर्जातला. चर्चच्या गायकवृंदात तो तळाचा सूर धरायचा. पण गायक उभे राहायचे वरच्या सज्जात, तिथे जायचा जिना अरुंद, आणि डेल्बर्टच्या उजव्या गुडघ्याने गेल्या वर्षी संप पुकारला होता. आता तो खालच्या बाकावर बसून एकटाच गायचा आणि अर्धी ओळ पुढे जायचा. डॉक्टर म्हणाले, "गुडघा बदलून देतो, पण आधी वजन दोनशे वीस पौंडांच्या खाली आणा. रोज वजन करा आणि मला दाखवा."

डॉक्टरांनी कागदावर लिहून आणायला सांगितलं होतं. पण घरात असं मशीन असताना कागद कशाला, असं बर्नाडीनला वाटलं. मशीनला काय, आकडा म्हणजे आकडा. सकाळचं वजन खालचं टोक, रात्रीचं वरचं. उलाढालीचा रकाना मशीन रिकामा सोडू देईना, म्हणून तिथे त्या दिवशी खाल्लेले पाव आणि बिस्किटं. नाव चार अक्षरांच्या वर चालत नव्हतं, म्हणून तिने लिहिलं: DELB.

"हे कुणाला दाखवणार नाहीस ना?" डेल्बर्टने विचारलं.

"डॉक्टर सोडून कोणाला कळणार आहे त्यातलं?"

मार्चमध्ये गावातल्या बायकांच्या गुंतवणूक मंडळाची वार्षिक सभा होती, वाचनालयाच्या हॉलमध्ये. बर्नाडीन मशीनवर आलेख दाखवणार होती, मंडळाने शेअर घेतलेल्या, नदीतून माल वाहणाऱ्या एका बार्ज कंपनीचा. प्रमुख पाहुणे रॉइस ॲदरटन, गावातले सगळ्यात जुने शेअरदलाल. हे गृहस्थ तीस-एक वर्षं चौकटीच्या कागदावर, टोकदार पेन्सिलीने आलेख काढत आले होते, आणि मशीनबद्दल त्यांचं मत त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं. "बाई, मशीनला बाजाराची नाडी लागत नाही. पण तुमचा उत्साह मला आवडला."

"बघा तर खरं, साहेब," बर्नाडीन म्हणाली.

घोटाळा झाला तो त्याआधी, घरी. फ्लॉप्या दोन होत्या, अगदी जुळ्या. एकीच्या पाकिटावर 'बार्ज', दुसरीच्या पाकिटावर 'डेल्बर्ट'. बर्नाडीन दोन्ही एकाच पिशवीत ठेवायची. डेल्बर्टला धास्ती वाटली की मंडळाची खजिनदार आर्डिथ स्पूनर ही चौकस बाई त्याच्या नावाचं पाकीट बघणार आणि हटकून उघडणार. म्हणून बर्नाडीन केस विंचरायला गेली तेव्हा त्याने 'डेल्बर्ट'च्या पाकिटातून आपली फ्लॉपी काढून तिथे बार्जची घातली. आपली फ्लॉपी ठेवायला 'बार्ज'चं पाकीट आता मोकळं होतंच. तिथे ती सरकवली. आता आर्डिथने खुशाल बघावं. मग तो समाधानाने कॉम्प्युटर गाडीत ठेवायला गेला.

हॉल भरला होता. मशीन वाचनालयाच्या मोठ्या टीव्हीला जोडलं होतं. बर्नाडीनने 'बार्ज'च्या पाकिटातली फ्लॉपी घातली, पहिली फाईल मागितली आणि श्रोत्यांकडे वळून म्हणाली, "आता शांतपणे बघा. हे सावकाश येतं."

सावकाशच आलं. आधी वरच्या कोपऱ्यात चार अक्षरं आली. तिसऱ्या रांगेत बसलेल्या डेल्बर्टने ती वाचली आणि त्याचे कान तापले. मग ऑक्टोबरपासून एकेक रेघ उमटू लागली. बर्नाडीनने मान वळवली, पाहिलं, आणि तिचा हात मशीनच्या बटणाकडे गेला. पण तेवढ्यात नोव्हेंबरअखेरीच्या मोठ्या सणाच्या मेजवानीचा उंचवटा पडद्यावर चढू लागला आणि हॉलभर एक कौतुकाचा हुंकार उठला. ॲदरटनसाहेब खुर्चीतून पुढे झुकले. "थांबा," ते म्हणाले, "बंद करू नका. हे सुंदर आहे."

बर्नाडीनसमोर दोनच वाटा होत्या. हे माझ्या नवऱ्याचं वजन आहे असं साठ माणसांसमोर सांगायचं, किंवा आलेख कसा वापरतात ते दाखवायला ती आली होती तेच दाखवायचं. तिने डेल्बर्टकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. तिने घसा साफ केला. "ही कळ दाबली की मधला भाग मोठा होतो," ती म्हणाली आणि ख्रिसमस मोठा करून दाखवला.

तिथून पुढे तिने जे केलं त्याला तोड नाही. तासाभरात ती एकदाही खोटं बोलली नाही. फक्त कळा दाबत राहिली. सरासरीची रेघ टाकली, काढली, सगळे महिने आवळले, आठवडा पसरला. एक्स्चेंजमध्ये पुराच्या वेळी सगळ्या गावाचे फोन जोडताना ती अशीच दिसायची, असं नंतर एक जण म्हणाला.

ॲदरटनसाहेबांना मात्र आता राहवेना. ते उठून पडद्याजवळ गेले आणि खिशातली पेन्सिल काढून दाखवू लागले. "हे बघा. दोनशे चोवीसला जमीन आहे. भाव तिथे तीनदा आला आणि तीनदा उसळला. म्हणजे खाली कोणीतरी आहे, पडू देत नाही."

डेल्बर्टला ते कोण ते माहीत होतं. कोपऱ्यावरची बेकरी.

"आणि अलीकडे दर शुक्रवारी उसळी. दर शुक्रवारी. हे कोण करतंय?"

ईस्टरआधीच्या उपासाच्या त्या दिवसांत मांस वर्ज्य पण मासा चालतो, म्हणून चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी तळलेल्या माशांची पंगत असे आणि निम्मा हॉल तिथेच जेवत होता, पण कोणाच्या डोक्यात ते आलं नाही.

"शिवाय भाव चढतो तेव्हा उलाढालही चढते. याहून शुद्ध लक्षण नाही. अशी रेघ मी हाताने काढली असती तर चौकट करून भिंतीवर लावली असती." ते बर्नाडीनकडे वळले. "बाई, मी मघाचे शब्द मागे घेतो. पण ही डेल्ब कंपनी माझ्या ऐकण्यात कशी नाही? बनवते काय?"

"आता बनवत काही नाही," बर्नाडीन म्हणाली. "पूर्वी खिडक्या. सध्या खाण्यापिण्यात आहे."

"व्यवस्थापन कसं आहे?"

"व्यवस्थापन कष्टाळू आहे. पण त्याचं कोणी ऐकत नाही."

"लाभांश देते?"

बर्नाडीनने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. "लग्न झाल्यापासून," ती म्हणाली, आणि मग सावरून, "म्हणजे मला आठवतंय तेव्हापासून, एकदाही चुकलेला नाही."

डेल्बर्टने बुटांवरची नजर उचलली.

इथवर निभावलं असतं. पण आर्डिथ स्पूनर उभी राहिली. मंडळाचे पैसे बँकेत पडून आहेत, ते सगळे डेल्ब कंपनीत घालावेत, असा ठराव तिने मांडला. मागून दोन आवाजांत अनुमोदन आलं. मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा एक जण म्हणाला की मंडळ बायकांचं असलं तरी त्यालाही थोडे शेअर हवे आहेत. ॲदरटनसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं.

"उद्या ऑफिस उघडताच मी शिकागोला फोन लावतो. माझं म्हणाल तर उन्हाळ्यापर्यंत हा दोनशे पन्नासला जाईल. जाणारच."

"नाही जाणार," डेल्बर्ट म्हणाला.

त्याचा आवाज खर्जातला असल्यामुळे हळू बोललेलंही मागच्या भिंतीपर्यंत गेलं. तो पुढच्या खुर्चीचा आधार घेत उठला.

"डेल्बर्ट, बस रे," बर्नाडीन म्हणाली. "मी सांगते."

"तू बस. तू बराच वेळ उभी आहेस." मग तो ॲदरटनना म्हणाला, "साहेब, हा दोनशे पन्नासला जाणार नाही. दोनशे वीसच्या खाली जाणार आहे."

"तुम्हाला काय माहिती? तुमचा कंपनीशी काही संबंध आहे का?"

"कंपनी मीच आहे. ते माझं वजन आहे. खाली दिसतेय ती उलाढाल नाही, पाव आहेत."

आर्डिथने पडद्याकडे पाहिलं, डेल्बर्टकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे तो नोव्हेंबरचा डोंगर?" तिने विचारलं.

"टर्की," डेल्बर्ट म्हणाला. "आणि तूच केलेले पम्पकिन पाय. दोन."

मग जे हसू फुटलं ते आवरता आवरेना. डेल्बर्टही हसला, कारण उभं राहून झालं होतं आणि आता लपवायचं काही उरलं नव्हतं. ॲदरटनसाहेबांनी पेन्सिल खिशात ठेवली. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण माणूस जातिवंत. ते म्हणाले, "आलेख मात्र निर्दोष होता," आणि बर्नाडीनसाठी टाळ्या त्यांनीच सुरू केल्या. ठराव आर्डिथने मागे घेतला.

त्यानंतर डेल्बर्टचं वजन ही गावाची चिंता झाली. बेकरीवाली त्याला दोनच पाव देई आणि तिसरा मागितला तर बर्नाडीनला फोन करी. शुक्रवारच्या पंगतीत वाढणारे त्याच्या ताटात मासा ठेवण्याआधी एकमेकांकडे बघत. तो चिडायचा, पण रोज सकाळी काट्यावर उभा राहायचा आणि रेघ उमटेपर्यंत बर्नाडीनच्या खांद्यावरून बघत बसायचा. दोनशे चोवीसची जमीन एप्रिलमध्ये फुटली. मे संपता संपता दोनशे एकोणीस. जूनमध्ये गुडघा बदलला.

दवाखान्यातून घरी आल्यावर थोड्याच दिवसांनी, दुपारी, तो पाय स्टुलावर टाकून बसला होता, तेव्हा ॲदरटनसाहेब आले. हातात पिवळ्या गुलाबांचा गुच्छ होता. तब्येतीची चौकशी झाली, लिंबाचं सरबत झालं, हवामान झालं. तरी ते उठेनात. शेवटी कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी एक कोरी फ्लॉपी काढली.

"बाई, एक नवी फाईल उघडून द्याल का? नाव काहीही चालेल. फक्त माझं नको."

बर्नाडीनने फ्लॉपी मशीनमध्ये सारली आणि वजनकाटा पायाने पुढे ढकलला.

ॲदरटनसाहेबांनी बूट काढले. कोट काढून खुर्चीवर नीट ठेवला. मग जाकीट. काट्याकडे एक पाऊल टाकलं, थांबले, खिशातल्या किल्ल्या, पाकीट आणि ती पेन्सिल काढून टेबलावर मांडली. मग घड्याळ.

"चष्मा राहिला," डेल्बर्ट खुर्चीतून म्हणाला. "काट्यावर चढताना मी तोही काढतो."

त्यांनी चष्माही काढला आणि श्वास रोखून काट्यावर चढले. आता त्यांना खालचा आकडा दिसेना.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.

बर्नाडीन वाकली, तिने आकडा नीट पाहिला, आणि मशीनकडे वळून तो भरू लागली.