गाव अ, गाव ब आणि वैजनाथ

आमच्या घरचा चहा चांगला होतो, असं आलेगेले पाहुणे म्हणतात. आपण 'घ्या की अजून अर्धा' म्हणतो आणि विषय संपतो. वैजनाथ शेटे आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायला आला, त्याच्या कानावर हे वाक्य पडलं, आणि तिथून विषय सुरू झाला.

"चांगला होतो हे ठीक आहे गुरुजी, पण कशामुळे?" असं म्हणून त्याने खिशातून पेन काढलं.

पुढे कितीतरी दिवस माझ्या बायकोने, म्हणजे मंगलने, एकेक गोष्ट बदलून चहा करायचा आणि त्याने प्यायचा, असा कार्यक्रम आमच्या स्वयंपाकघरात चालला. आज पातेलं बदललं. उद्या आलं काढलं. परवा टँकरच्या पाण्याऐवजी हापशाचं पाणी घेतलं. एकदा तर "काकू, आज तुम्ही करू नका, गुरुजींना करू द्या," म्हणाला. माझा चहा प्यायल्यावर तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला आणि मग म्हणाला, "यातून काही सिद्ध होत नाही." वडवणीच्या शाळेत इतकी वर्षं मास्तरकी केली, पण इतक्या सभ्यपणे माझा अपमान कुणी केला नव्हता.

शेवटी चहाचा निष्कर्ष काय निघाला? "एक घटक सुटतोय."

हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. आठवडी बाजारात एकाच शेतातली वांगी दोन पाट्यांत दोन वेगळ्या दरांनी का विकली जातात? एक घटक सुटतोय. धर्मापुरीला त्याची आई याच्यासाठी मुली बघते, घरचं किराणा दुकान, माणसं चांगली, तरी लग्न का जमत नाही? एक घटक सुटतोय. हा सुटलेला घटक आमच्या गल्लीतल्या कुणीही सांगितला असता. बघायला गेलेल्या मुलीला जो माणूस 'तुमच्या होकारात वडिलांच्या आग्रहाचा वाटा साधारण किती?' असं विचारतो, त्याला पोहे मिळतात, मुलगी मिळत नाही.

वैजनाथ पीएच.डी. करत होता. आम्ही त्याला ओळखायला लागलो तेव्हा करत होता, आणि चाळिशी उलटली तरी करतच होता. त्याच्या आईने दुकानाची पाटी नव्याने रंगवून घेतली, तेव्हा पोराच्या नावापुढे 'डॉ.' बसेल एवढी जागा मोकळी सोडायला लावली होती. ती जागा बघून गिऱ्हाइकं विचारायची, पेंटरचा रंग संपला होता काय.

विषय असा होता. दुष्काळ पडला की काही गावांतल्या सहकारी दूध संस्था तग धरतात, काही बसतात. का? त्यासाठी त्याने आमच्या भागातली दोन गावं निवडली. दोन्हीकडे टँकरचं पाणी, दोन्हीकडे चाऱ्याची बोंब, म्हशी सारख्याच हडकलेल्या. आणि दोन्हीकडे खासगी डेअरीचा टेम्पो दारात येऊन त्याच भावाने दूध न्यायला तयार. प्रबंधात गावाचं खरं नाव द्यायचं नसतं म्हणे, म्हणून एक 'गाव अ' आणि दुसरं 'गाव ब'. ही नावं तो इतक्या गंभीरपणे वापरायचा, की शेवटी एसटीचा कंडक्टरही "चला सर, गाव अ आलं, उतरा" म्हणायला लागला.

गाव अ ला सकाळची एसटी जायची, म्हणून तिथे तो रोज जायचा. दूध घालायला आलेल्या प्रत्येक बाईला ठरलेले प्रश्न विचारायचा. म्हशीने काल काय खाल्लं, पाणी किती प्यालं, रात्री स्वस्थ बसली का. बायका सगळं सांगायच्या आणि मग उलट विचारायच्या, "आन् तुमी काय खाल्लाव सर?" त्यावर याचं उत्तर ठरलेलं होतं: "हा प्रश्न प्रश्नावलीत नाही." गाव ब ला एसटी नव्हती. तिथे तो कधीमधी कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जायचा आणि सेक्रेटरीकडून आकडे घेऊन यायचा.

सुरुवातीला दोन्ही संस्था सारख्याच लंगडत होत्या. दुसऱ्या उन्हाळ्यात ब बंद पडली. अ चालू राहिली. वैजनाथच्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा काळ असावा. सगळं सारखं, फक्त परिणाम वेगळा! म्हणजे नक्कीच एक घटक सुटतोय.

तो घटक पकडायला विद्यापीठातले त्याचे तीन सोबती एकदा मदतीला आले. तिघेही असेच, वेगवेगळ्या विषयांत वर्षानुवर्षं मुरलेले. त्या दिवशी मंगलचं पिठलं थोडं आंबट झालं होतं. रसायनशास्त्रवाला म्हणाला, बाकी सगळं तेच ठेवा, फक्त ताक बदलून पुन्हा करा. संख्याशास्त्रवाला म्हणाला, एका पिठल्यावरून बोलता येणार नाही, निदान महिनाभर खावं लागेल. इतिहासवाला म्हणाला, या घरात पूर्वी कधी असं झालं होतं का, ते आधी बघू. मंगल म्हणाली, "ताक शिळं हाय. भाकरी वाढू का?" पण ते ऐकायला कुणाला सवड होती?

वैजनाथ मात्र आमच्याकडे जेवायचा नाही. चहापर्यंत ठीक. जेव म्हटलं की म्हणायचा, "नको गुरुजी, जवळीक वाढली की निरीक्षण बिघडतं." वर खोलीत स्टोव्ह होता. तो पेटल्याचा आवाज मात्र आम्हाला फारसा यायचा नाही.

मग तो जिन्यावरून पडला. आमच्या जिन्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे, हे त्यानेच पट्टी लावून मला अनेकदा दाखवलं होतं. पडला तो नेमका त्याच पायरीवरून. पायाला प्लास्टर बसलं आणि स्वारी वरच्या खोलीत अडकली. त्या काळात मंगल ताट वर पाठवायची, आणि निरीक्षण बिघडण्याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही.

प्लास्टर निघाल्यावर तो गाव अ चे आकडे घेऊन आला, तो एका पायावर नाचतच. "गुरुजी, संस्थेचं दूध निम्म्यावर आलं! नेमकं मी पडून होतो त्या दिवसांत! आता घटक सापडणार. त्या दिवसांत काय बदललं, एवढंच शोधायचं."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. पण शहाण्याला कोण सांगणार? टँकर तितकेच आले होते, चारा तोच होता, दूध घरीच लागावं अशी गावात लग्नंही नव्हती. मग तो थेट बायकांनाच विचारायला गेला आणि दुपारी तोंड पाडून परत आला.

"सगळ्या बायका एकच चुकीचं उत्तर देतात."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, सर तुमी नव्हताव. टेम्पो दारात येतो, मग उनात कशापायी यावं एवढं लांब? तुमी म्हशीचं इचारताव म्हणून येतो."

आत मंगल हसली. मीही हसणार होतो, पण वैजनाथचा चेहरा बघून थांबलो. तो त्या उंच पायरीवर हळूच बसला.

"गुरुजी," तो म्हणाला, "गाव ब ला मी रोज जात नव्हतो."

मोजणाऱ्याने मोजायच्या गोष्टीत हात घालायचा नसतो, हा त्यांच्याकडचा पहिला धडा. याने इतकी वर्षं तराजूत वांग्यांबरोबर स्वतःचं मनगटही टेकवलं होतं. मार्गदर्शकांचा फोन आला. ते शांतपणे म्हणाले, सोपं आहे, एक उन्हाळा तिकडे फिरकू नका, आकडे सेक्रेटरीकडून मागवा, स्वच्छ माहिती मिळेल, प्रबंध देऊन टाका. मुदतवाढही ही शेवटचीच होती.

सोपं होतंच. फक्त तालुक्याच्या दूध संघाने आधीच बजावलं होतं की दूध याहून कमी झालं तर गाडी पाठवणार नाही. ब ची संस्था बंद झाल्यावर टेम्पोवाल्याने तिथला भाव कसा पाडला, हे अ च्या बायकांनाही माहीत होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं. म्हणजे वैजनाथ घरी बसला असता तर अ ची संस्था बसली असती, आणि याच्या नावापुढची जागा भरली असती.

तो काही दिवस खरंच घरी बसला. एका सकाळी मंगलने चहा दिला. "चांगला झालाय," तो म्हणाला, आणि का झालाय ते विचारलं नाही. मंगल घाबरून मला म्हणाली, "अहो, त्यांना दवाखान्यात न्या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने मला हाक मारली. "गुरुजी, येता का सोबत?" एसटीत खिडकीशी बसल्यावर म्हणाला, "काल मार्गदर्शकांना कळवलं. मी गाव अ सोडत नाही."

"आणि पीएच.डी.?"

"नाही होणार."

"अरे, आईची पाटी?"

"मोकळी राहील," म्हणाला. मला फार वाईट वाटलं. एवढा हट्टी माणूस, आणि इतक्या साध्या आवाजात बोलत होता.

गाव अ ची संस्था म्हणजे पत्र्याखालचा एक ओटा आणि फॅट बघायचं मशीन. मोजक्याच बायका होत्या. त्याला बघून एकीने दुसरीला हाक मारली, दुसरीने तिसरीला. वैजनाथ रिकामा कॅन उपडा करून त्यावर बसला. सगळ्यात पुढे कौसल्याबाई होत्या, डोक्यावर पदर, हातात किटली.

"कुटं गेल्ताव एवढे दिस? पाय बरा हाय का?"

"बरा आहे. म्हशीने काल काय खाल्लं?"

"उसाचे वाढे. तेबी वाळके. रातभर हंबरत हुती." मग नेहमीप्रमाणे विचारलं, "आन् तुमी?"

मी वाट बघत होतो, की आता 'प्रश्नावलीत नाही' येणार. वैजनाथने खूप विचार केला, जणू खरी माहिती द्यायची आहे.

"बिस्किटं," तो म्हणाला. "परवाबी बिस्किटंच. एकट्यापुरतं करू वाटत न्हाई, मावशी."

इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून धर्मापुरीची बोली मी पहिल्यांदा ऐकली.

कौसल्याबाईंनी कमरेची फडक्याची गाठ सोडली. आत ज्वारीची भाकरी होती आणि वर लाल मिरचीचा ठेचा. भाकरी अजून मऊ होती. वैजनाथने ती मांडीवर घेतली आणि खाली मान घालून खायला लागला.

मला मात्र आता त्याचीच खोड लागली होती. मी बाजूला होऊन कौसल्याबाईंना विचारलं, "सर आज येणार, हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळतंय कशाचं?" त्या म्हणाल्या. "रोजच आनते. आले न्हाईत, खाल्ली न्हाई, की म्हशीला घालते."

वैजनाथने ते ऐकलं. त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला, पेनापर्यंत पोहोचला आणि तसाच परत आला. त्याने डोळे पुसले ते ठेचा तिखट होता म्हणून की आणखी कशाने, ते मी बघायला गेलो नाही. मग तो कौसल्याबाईंना म्हणाला, "मावशी, उद्या दोन भाकरी आना."