मोघेकाकांचं विहंगम उल्म

मोघेकाकांना दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीतून मेट्रोचा रस्ता विचारा, ते डोकं खाजवतात. पण जर्मनीतल्या उल्म गावात, चारशे वर्षांपूर्वी, मोठ्या चर्चपासून नदीवर कसं जायचं ते विचारून बघा. कुठल्या गल्लीत वळायचं, कुठे भिंत आडवी येते, सगळं तोंडपाठ. स्वतः उल्मला गेलेत? छे! काका विमानातच बसत नाहीत. भीती वाटते.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले हे निवृत्त सरकारी ड्राफ्ट्समन. दिवाणखान्याच्या भिंती जुन्या जर्मन शहरांच्या नकाशांनी भरलेल्या. साधे नकाशे नव्हेत. पक्ष्याला वरून दिसेल तसं अख्खं गाव, छपरं-धुराड्यांसकट. काका त्यांना 'विहंगम' म्हणतात, आणि उठताबसता म्हणतात. गेटवरचा गार्ड त्यांना "विहंगम साहब" म्हणून सलाम ठोकतो. ते आडनाव आहे अशी त्याची समजूत आहे.

एकदा पार्किंगचं भांडण मिटवायला काकांनी सोसायटीचाच विहंगम नकाशा काढला. सुरेख होता. फक्त गच्चीवर वाळणारी भाटियाजींची बनियन भोकांसकट आली होती.

"ये तो मेरी है!" भाटियाजी भर मीटिंगमध्ये उखडले.

"हूबहू है ना?" काका खूश. पार्किंग आहे तिथेच राहिलं.

उल्मचा नकाशा मात्र भिंतीवर नाही. काचेतून गल्ल्या नीट दिसत नाहीत म्हणून तो टेबलावर उघडा असतो. जवळ गेलं की हुकूम सुटतो, "बोटं मागे!" मग मी, पन्नाशीचा माणूस, हात पाठीमागे बांधून शाळेतल्यासारखा उभा राहतो.

हा नकाशा आला तो लेकीमुळे. रेवती नोकरीसाठी उल्मला गेली, काकांनी हा मिळवला आणि ते व्हिडिओ कॉलवर तिला रस्ते सांगू लागले.

"वेशीतून आत शीर, मग डावीकडे..."

"बाबा, वेस म्हणजे?" दिल्लीत वाढलेली मुलगी.

"अगं, गावाचा दरवाजा!"

"दरवाजा? यार बाबा, वहाँ तो ट्राम का स्टॉप है!"

मग तिने आपलं घर नेमकं कुठे आहे ते सांगितलं. ते निघालं वेशीबाहेर, टेकडीकडे. नकाशात तिथे नुसतं शेत आणि एक गाय.

"लेक गाईच्या जागी राहते म्हणून ह्यांना जेवण जात नाहीये," काकू म्हणाल्या.

"विमानात बसा की," मी काकांना म्हटलं. "खरंखुरं विहंगम दिसेल."

"हा नकाशा काढणारा कुठे विमानात बसला होता? चर्चच्या मनोऱ्यावर चढला, बाकीचं मनानं काढलं!"

गेल्या रविवारी चहाला गेलो तेव्हा सवयीने हात मागे बांधून टेबलापाशी उभा राहिलो. गाईशेजारी पेन्सिलीनं काढलेलं एक छोटं घर होतं, खिडकीत कुंडी. आम्हाला श्वाससुद्धा जपून घ्यायला लावणाऱ्या माणसानं अस्सल नकाशावर चक्क पेन्सिल चालवली होती! आणि खाली कोपऱ्यात, गावाकडे जाणाऱ्या वाटेवर, जुन्या घोडेस्वारांच्या मागे दोन नवी माणसं. एकीच्या अंगावर साडी, हातात डबा. दुसऱ्याच्या खांद्याला पिशवी.

"काका, हे कोण?"

"आम्ही," काका हळूच म्हणाले. "निघालोय. पायी."

नकळत मी त्या दोघांकडे हात नेला.

"बोटं मागे!" काका ओरडले. "पुसले जाऊ."