शर्टाचा रकाना

आमच्या कात्रपच्या बिल्डिंगमधून सकाळी कोणी बाहेर पडलं, की तळमजल्याच्या खिडकीतून पेडणेकरकाकांचा आवाज यायचा, "थांबा. पांढरा शर्ट, खिशाला शाईचा डाग. हं, जा आता."

आणि ते वहीत लिहायचे. माझा मात्र संताप व्हायचा. लोकांना गाडी गाठायची असते आणि हे गृहस्थ आमच्या चपलांचे अंगठे तपासतात! अंबरनाथच्या कारखान्यात तपासणी खात्यात उभा जन्म गेला, त्याचा हा परिणाम, असं आम्ही धरून चाललो होतो. काकू गेलेल्या, मुलगा गल्फमध्ये, असं ऐकून होतो. माणूस रिकामा.

"तोंडी गोष्टीला कोण विचारतं? नोंद असावी," हे त्यांचं पालुपद. दुसरं म्हणजे जिनिव्हा. पोलिसांनी माणूस उचलून 'आमच्याकडे नाही' म्हटलं, तर जिनिव्हाला मानवी हक्कांच्या कचेरीत कळवायचं, असं ते गणपतीच्या मीटिंगमध्येसुद्धा सांगायचे. कोरे फॉर्म टाइप करून तयार ठेवलेले. बिल्डिंगमधली पोरं त्यांना 'जिनिव्हाकाका' म्हणायची. मीही हसायचो.

मग माझ्या धाकट्या भावाच्या, विनयच्या कंपनीत संप झाला. गेटवरून त्याला जीपमध्ये घातलेलं चौघांनी पाहिलं होतं. चौकीत म्हणाले, "असा कोणी आणलेलाच नाही." दोन दिवस झाले. आईने अन्न सोडलं. मी तीनदा जाऊन आलो आणि तिन्ही वेळा तिला खोटं सांगितलं, की साहेब चौकशी करतायत.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "चला."

चौकीत साहेबांसमोर त्यांनी भरलेला फॉर्म वाचायला घेतला. "निळा चौकटीचा शर्ट. दुसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलेलं. डाव्या चपलेला खिळा."

"ओ आजोबा, हे जिनिव्हा कुठं आलं? कर्जतच्या पुढं काय?"

"पुढं. पण पोस्ट जातं." काकांनी सही-शिक्क्याची पोचपावती टेबलावर ठेवली. "ते दिल्लीला विचारतात, दिल्ली मुंबईला, मुंबई ठाण्याला आणि ठाणं तुम्हाला. ड्यूटीवर कोण होतं, याचाही रकाना आहे. आपलं नाव?"

साहेबांनी छातीवरच्या नावाच्या पट्टीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनय लंगडत घरी आला. खिडकीतून आवाज आला, "थांब. निळा शर्ट. दुसरं बटण नाही."

संध्याकाळी मी पेढे घेऊन गेलो. म्हटलं, "काका, विनयचा फॉर्म तर अजून पोस्टातही पडला नव्हता. मग ती पोचपावती कुणाच्या फॉर्मची हो?"

त्यांनी एक पुसट कार्बन कॉपी पुढे केली. नाव : मोहन पेडणेकर. त्यांचा मुलगा. बाकी सगळं भरलेलं. 'शेवटचे पाहिले तेव्हा अंगावरील कपडे' हा रकाना तेवढा कोरा.

"जिनिव्हावाल्यांनी उलट पत्र पाठवून पुन्हा तेच विचारलं," काका म्हणाले. "काय लिहिणार? मी पेपर वाचत होतो. तो 'बाबा, येतो' म्हणाला. मी 'बरं' म्हटलं. मान वर केली नाही."

हल्ली मला कितीही उशीर झालेला असो, मी त्यांच्या खिडकीसमोर नीट उभा राहतो, त्यांचं लिहून होईपर्यंत.