छापील नवरदेवाची हळद

स्वातीनं साऱ्या घरासमोर ठणकावून सांगितलं होतं, "अंजूच्या लग्नाच्या पत्रिका मीच करीन! अशा पत्रिका अख्ख्या लाखनीत मिळाल्या तर नाव बदलीन!"

आणि खोटं कशाला बोला, नणंदेच्या पत्रिका झाल्याही देखण्या. नेटवरून नवरा-नवरीचं नुसत्या रेघांचं चित्र घेतलं. त्याला म्हणे डिजिटल स्टॅम्प म्हणतात! ते घरच्या प्रिंटरवर जाड कागदावर छापलं. मग रंगीत पेन्सिलींनी छटा भरल्या, शालूवर जेल पेन फिरवला, मुंडावळ्यांना चमकी चिकटवली. पथ्य एकच, पाणी जवळ आणायचं नाही. प्रिंटरची शाई ओल लागली की पसरते. हे तिनं नवऱ्याला, नणंदेला सांगितलं. सासूला सांगितलं नाही. सासूचा पत्रिकांशी काय संबंध!

आज नवरदेव अमरची आई शकुनबाई कोंढ्याहून पत्रिका बघायला येणार होती. "पसंत नाही पडल्या तर आम्ही छापून आणू," असं तिनं आधीच बजावलं होतं. स्वाती लिफाफे घेऊन घरी आली आणि किंचाळलीच.

"कोणी केलं हे?"

एकूणएक नवरदेवाच्या गालांवर ओली हळद! काळी शाई हनुवटीपर्यंत फरफटलेली! नवरीचं काजळ गालांवर!

"म्या लावली," सासू सत्यभामाबाई शांतपणे म्हणाल्या. "पत्रिकेले हळद लावाच लागते. कोपऱ्यायले लावून राहिली होती, तं मनात आलं, नवरा-नवरी समोर बसले हायेत, त्यायले काहून सोडू?"

"आई, ते चित्र हाय! चित्राले कोणी हळद लावते का?"

"अन् बिना हळदीचं लग्न कोणी लावते का?"

स्वातीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात भूपेंद्र बायकोच्या मदतीला धावला, केस वाळवायचं मशीन घेऊन! गरम वारा सुटला, चमकी उडाली आणि थेट ओल्या हळदीवर जाऊन बसली.

"तुमाले कोणी सांगतलं मधात यायले? मायलेकं मिळून माया जीवच घ्या आता!"

"अवं, मी तं वाळवून राहिलो..."

"बंद करा ते!"

दारात शकुनबाई उभी! लपवायला वेळच नव्हता. तिनं चष्मा लावला, पत्रिका उचलली. स्वातीनं डोळे मिटून घेतले. संपलं सारं!

"अवो माय! हा तं आमचा अमरच! दाढीसुद्धा तशीच वाढवून ठेवली मेल्यानं! अन् नवरी पाहा, माहेर सोडताना कशी रडून राहिली! हळद तं अशी चमकून राहिली, जशी आत्ताच लावली!" शकुनबाईनं डोळ्यांना पदर लावला. "आमच्याही साऱ्या पाहुण्यायले अशाच पाहिजेत बाई. दाढी मात्र अशीच आली पाहिजे!"

ती गेल्यावर स्वातीनं काळ्या पेन्सिलीनं दाढी काढून पाहिली. नवरदेव दरोडेखोर दिसला. मग पेनानं काढली. तो तर आणखीच भयंकर! तिनं पेन आपटला, दात-ओठ खाल्ले, शेवटी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आई, हळदीत पाणी किती घातलं होतं?"

"सांगतो. पहिले इथं बस," सत्यभामाबाईंनी वाटी पुढे सरकवली. "मी एकटी किती नवरदेवायले हळद लावू?"