रंगरावांचं 'चालेल'

एका जंगलात, बाळांनो, पाणी कमी आणि मीटिंगा फार होत्या. पाणवठ्यावर कुणी कधी यायचं, याची यादी मंजुळा साळू करायची. यंदा सिंहमहाराज म्हणाले, "यादी लॅपटॉपवर करा. आणि लॅपटॉपात विंडोजऐवजी लिनक्सच घाला, ते फुकट मिळतं म्हणे." अष्टमीपर्यंत झाली नाही, तर मंजुळाची नोकरी मगरीच्या मेव्हण्याला.

मंजुळा धावतच रंगराव मोराच्या दुकानात गेली. तिथं एक लॅपटॉप होता, पापडाइतका पातळ, बटणांखाली सात रंगांचे दिवे. बाईचा जीवच जडला.

"रंगराव, यावर लिनक्स चालेल का?"

"चालेल की."

घरी येऊन तिनं लिनक्स घातलं. वायफाय सापडेना, आवाज फुटेना. झाकण लावलं की लॅपटॉप झोपायचा, उघडलं तरी उठायचा नाही. दिवे मात्र नाचत होते मेले. सप्तमीला ती रडकुंडीला येऊन दुकानात उभी राहिली.

"तुम्ही चालेल म्हणाला होतात."

"मला चालेल म्हणालो, मंजुळाबाई. तुम्ही लिनक्स घाला नाहीतर लोणचं घाला, माझी काय हरकत? लॅपटॉपला विचारलं होतंत का?"

शेजारी बापू कासव ऑफिसांतून निघालेले जुने लॅपटॉप विकायचा. त्यानं एक जाडजूड, काळा, कोपरे झिजलेला धोंडा पुढे सरकवला.

"हा घेऊन जा, पोरी. ऑफिसवाले एका वेळी हजार घेतात. हजारजण एकदम बोंबलले तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला झेपत नाही, म्हणून ती लिनक्स आधीच चालवून बघते. घरचं गिऱ्हाईक काय, एकटंच बोंबलतं."

त्यात लिनक्स घातलं, तर पहिल्या झटक्यात वायफाय लागलं. मंजुळानं त्या धोंड्याला मनापासून हात जोडले. अष्टमीच्या सकाळी यादी तयार होती.

दरबारात मात्र तिला धोंड्याची लाज वाटली. तो तिनं टेबलाखाली ठेवला आणि वर मोराचा लॅपटॉप मांडला, नुसते दिवे लावून.

"वा, काय यंत्र आहे," महाराज म्हणाले. "म्हणूनच यादी वेळेत झाली. असे वीस मागवा. मंजुळाबाई, यांवर लिनक्स चालेल ना?"

मंजुळानं टेबलाखाली पाहिलं. मग समोर पाहिलं. पहिल्या रांगेत मगरीचा मेव्हणा नवा सदरा घालून बसला होता.

"चालेल, महाराज," ती म्हणाली.

तात्पर्य: काम करणारा लॅपटॉप टेबलाखाली ठेवावा, दिसणारा टेबलावर. आणि कुणी 'चालेल' म्हणालं, तर 'कुणाला?' असं विचारू नये, नोकरी टिकते.